आत्याकडचा बस्ता

आमचं कापडाचं दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेत, एका गाळ्याचं. गावागावांतली माणसं एसटीने येऊन लग्नाचा बस्ता आमच्याकडे बांधायची. नवरीच्या शालूपासून मानाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एकाच बैठकीत. मग स्टँडच्या पलीकडे फक्त लग्नाच्या कपड्यांचं तीन मजली दुकान आलं आणि बस्ते तिकडे गेले. आमच्याकडे उरलं अस्तर, फॉल आणि परकराचं कापड. शेजारचा मोबाइलवाला गाळा मागू लागला.

आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बाबा आईला म्हणाले, "हा बस्ता होऊ दे, मग दुकानाचं काय ते ठरवू." गादीवर घालायला त्यांनी नव्या पांढऱ्या चादरी आणल्या.

आत्या पेढे घेऊन आली, पण बसली नाही. "दादा, रागावू नको हां. मुलाकडचे त्या मोठ्या दुकानावरच अडून बसलेत. पण तू मामा. तुझ्याशिवाय बस्ता कसा बांधायचा?"

"येतो की," बाबा म्हणाले. ती गेल्यावर ते बराच वेळ मीटरपट्टी पुसत होते.

बस्त्याच्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही गेलो. मुलीकडचे पहिल्या मजल्यावर, मुलाकडचे दुसऱ्यावर. बाबा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसले. तिथे मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. साडी पसरली की त्यांचा हात आपोआप घडी घालायला जायचा.

"काका, राहू द्या," विक्रेती हसून म्हणाली. "त्याला आमची माणसं आहेत."

त्यांनी हात मांडीवर ओढून घेतले.

व्याही वरून खाली आले. "काय मामा, तुमचाच धंदा. माल कसा वाटतो?"

"चांगला आहे."

खरंच चांगला होता. आमच्यापेक्षा स्वस्तही.

शेवटी मामाचा मान म्हणून आत्याने बाबांना शर्टपीस दिलं, त्या दुकानाचं नाव छापलेल्या पिशवीत. येताना बाजारपेठेच्या तोंडाशी बाबा थांबले. कापड माझ्या हातात देऊन त्यांनी पिशवी उलटी केली, कोरी बाजू बाहेर आणली आणि कापड परत आत घातलं. मी समोरच्या पाट्या वाचत राहिले.

दुकान उघडलं, पण दिवा लावला नाही. "त्या चादरी घरी ने," बाबा म्हणाले. "पलंगावर घाला."

मी घड्या घालत होते, तेवढ्यात त्यांनी पायरीवर जाऊन मोबाइलवाल्याला हाक मारली.