खाली सरकलेला ठिपका

आलेखावरचा एक ठिपका मागच्या ठिपक्याच्या खाली गेलाय. शाळेतल्या मुलींची उंची दर सहा महिन्यांनी मोजायची आणि त्या ठिपक्यांवरून कुठली मुलगी कधी झपाट्याने वाढणार याचा अंदाज बांधायचा, हे माझं काम. या वयात उंची कमी होत नाही, असं आमचं गणित धरून चालतं. म्हणून संगणकाने तो ठिपका चूक ठरवलाय.

चूक माझीच आहे. मागच्या मोजणीला आठवीतली ती ठिपक्याची मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने गुडघे वाकवले. "सरळ उभी राहा गं," मी म्हटलं. ती कुजबुजली, "मॅडम, कमीच लिहा ना. ताई उंच दिसायला लागली आणि घरच्यांनी तिचं लग्न लावलं." मी वाकलेल्या गुडघ्यांचाच आकडा लिहिला. दुसरं काय करणार होते?

या वेळी मोजणीच्या रांगेत ती नव्हती. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "तिचं उरकलं की हो, तुळशीच्या लग्नानंतर."

मी ठिपका पुसला. उरलेल्या ठिपक्यांमधून संगणकाने तिची रेषा पुढे ओढली. तिची खरी वाढ म्हणे अजून सुरूच व्हायचीय.