एका दारातले दोन वर्ग

मुलासाठी शाळा निवडताना तुम्ही शिक्षण निवडता, की त्याच्या शेजारी कोण बसू नये हे निवडता?

मला हा प्रश्न पहिल्यांदा नागपूरच्या विमानतळावर पडला. म्हणजे बाबांनी तो माझ्यासमोर ठेवला, त्यांच्या पद्धतीने. सामानाची गाडी ढकलत आम्ही काचेच्या दारापर्यंत पोचलो, तेव्हा त्यांनी मैत्रीला माझ्या कडेवरून घेतलं. माझी मुलगी तेव्हा नीट बसायलाही शिकली नव्हती. तिच्याकडे बघत ते मला म्हणाले, "तिकडे हिला कोणत्या शाळेत घालशील?"

"सरकारी, बाबा. तिकडे सगळी मुलं सरकारीतच जातात."

"सगळी?"

"सगळी."

आई वैतागली. "अहो, तिला विमानात तं बसू द्या! पोरीला अजून दात नाही आले अन् यांना शाळा सुचून राहिली!"

आम्ही हसलो आणि आत गेलो. काचेपलीकडून मागे बघितलं तर बाबा हसत नव्हते.

बाबा वीज मंडळात कारकून होते, पण वस्तीत त्यांची ओळख पत्रकं काढणारा माणूस अशीच होती. पाणी, घरपट्टी, शाळेची गळकी छतं, विषय कोणताही असो, रविवारी पत्रकांचा गठ्ठा घरी यायचा आणि आम्ही भावंडं घड्या घालायला बसायचो. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. 'निषेध' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी लिहिता येत होता. गल्लीत ज्यांना झेपलं त्यांनी मुलं कॉन्व्हेंटात घातली. आम्ही महापालिकेच्या शाळेत गेलो. "ज्या शाळेत सगळ्यांची पोरं जात नाहीत, ती शाळा नाही, दुकान आहे," हे बाबांचं वाक्य मी जेवताना ऐकलं, तापात ऐकलं, निकालाच्या दिवशीही ऐकलं.

या बर्फाळ परदेशी शहरात, एडमंटनला, आल्यावर असली वाक्यं बोलायला माणूसच उरला नाही. माझा नवरा प्रवीण एका पाइपलाइन कंपनीचं सॉफ्टवेअर बघतो, मी डाउनटाउनमधल्या एका ऑफिसात टेस्टिंग करते. अंधारात एलआरटी, म्हणजे इथली लोकल, पकडायची, अंधारातच परतायचं. पहिल्या विंटरमध्ये मी बर्फावर चिडायचे. नंतर चिडणंही संपलं. दारात बूट झटकायचे आणि कुकर लावायचा. नागपुरात मी मोर्चात घोषणा द्यायचे हे इथे कुणाला सांगितलं तर लोक विचारतात, "ओह, लाइक अ परेड?"

मग मैत्री पाच वर्षांची व्हायला आली. आमच्या अपार्टमेंटच्या मागच्याच रस्त्यावर पब्लिक एलिमेंटरी स्कूल आहे. फी नाही, कुणाची शिफारस नाही. मी निर्धास्त होते. तेव्हा प्रवीण ऑफिसातून बातमी घेऊन आला, की त्याच शाळेत माँटेसरी प्रोग्रॅम आहे आणि त्यासाठी वेगळं अप्लाय करायचं असतं. एकाच दारातून आत गेलं, की उजवीकडे माँटेसरी, डावीकडे रेग्युलर.

मी फोनवर बाबांना सांगितलं.

"पब्लिक स्कूल," बाबा म्हणाले. "आणि वरून माँटेसरी. दोन्ही?"

माझ्या लक्षात आलं. नागपुरात पब्लिक स्कूल म्हणजे टाय, ब्लेझर आणि पिवळी बस. माँटेसरी म्हणजे कॉन्व्हेंटच्या आधीची पायरी. बाबांच्या कानांनी ऐकलं ते असं, की पोरगी शत्रूच्या गोटात गेली, आणि तीही दोनदा. इथे पब्लिक म्हणजे सरकारी, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. पटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सरकारी आहे, तर मग निवड कशाची?"

मी म्हटलं, उद्या बोलू.

पालकांना वर्ग दाखवायला शाळा संध्याकाळचं ओपन हाउस ठेवते, त्याला आम्ही मैत्रीला घेऊन गेलो. ती खोली मी विसरणार नाही. कुणी ओरडत नव्हतं. तीन वयांची मुलं एकत्र बसली होती. एक मुलगा छोट्या सुरईतून पेल्यात पाणी ओतत होता; सांडलं, तर त्याने आपणहून फडकं आणलं. कोपऱ्यात एक सोनेरी केसांची मुलगी हातभर झाडूने तांदूळ गोळा करत होती. टीचर कौतुकाने म्हणाल्या, "दॅट्स हर वर्क."

मी झाडूकडे बघत राहिले. आमच्या वस्तीत हातातला झाडू खाली ठेवण्यासाठी दोन पिढ्या भांडल्या. इथे इंजिनिअरांची मुलं तो हौसेने उचलत होती, आणि त्याला शिक्षण म्हणत होते. राग यावा की आनंद व्हावा, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. आईचं मात्र लगेच ठरलं. फोनवर म्हणाली, "झाडायलाच लावाचं होतं तं एवढ्या दूर काऊन नेली बाई?"

पण मैत्री. परक्या माणसासमोर तोंड न उघडणारी माझी मुलगी त्या खोलीत एका चटईवर बसली आणि चमच्याने राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकत राहिली. निघायचं म्हटलं तर म्हणाली, "नॉट डन येट."

त्या रात्री मी प्रवीणशी भांडले. "त्या खोलीतले सगळे पालक कारने आले होते. आपल्या बिल्डिंगमधलं एक तरी पोर दिसलं तुला?"

"आपलं दिसलं," प्रवीण म्हणाला. "तुझ्या तत्त्वांचं दप्तर तिच्या पाठीवर कशाला? फुकट आहे, घरामागे आहे, तिला आवडलंय. अजून काय पाहिजे?"

मी थकले होते. हो म्हटलं. मैत्रीला जागा मिळाली.

आमच्या समोरच्या दारात फदूमो राहते. सोमालियाची. हॉस्पिटलच्या लाँड्रीत संध्याकाळच्या शिफ्टला असते. तिची इफ्रा आणि मैत्री दोन वर्षं आमच्या कॉरिडॉरमध्ये एकच ट्रायसिकल आलटूनपालटून चालवायच्या. मी फदूमोला माँटेसरीबद्दल सांगितलं तेव्हा ती हसली. "इफ्रा घरी झाडतेच की. शाळेने तिला वाचायला शिकवावं." अगदी माझी आई बोलावी तशी बोलली. तरी दुसऱ्या सकाळी ती माझ्याबरोबर शाळेत आली. दारातून बराच वेळ आत बघत राहिली. मग हळूच विचारलं, "नाव कधी द्यायचं होतं?"

ती मुदत संपून गेली होती. इफ्राचं नाव वेटिंग लिस्टवर गेलं आणि सप्टेंबरात ती डावीकडे गेली.

सुरुवातीला दोघी हात धरून दारापर्यंत जायच्या. मग नुसत्या बरोबर जायच्या. एका शनिवारी मी मैत्रीला म्हटलं, "इफ्राला बोलाव ना खेळायला." ती चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "शी इज जस्ट रेग्युलर, आई."

तिला त्यात काही वाईट म्हणायचं नव्हतं, हेच वाईट होतं. माणसांना डावीकडे आणि उजवीकडे ठेवायचे शब्द मी ज्या गावात ऐकले, तिथून मी तिला फार लांब आणलं होतं. तिला तिथला एकही शब्द येत नाही. तिने इथला शोधला.

पुढच्या पालकसभेत मी उभी राहिले. इंग्रजी अडखळत होतं, पण विचारलं, की या वर्गात आमच्या बिल्डिंगमधलं दुसरं एकही मूल का नाही? पुण्याहून आलेला मंदार, ज्याची मुलगी मैत्रीच्या वर्गात आहे, माझ्याकडे वाकून मराठीत पुटपुटला, "अगं, कुणी अडवलंय का त्यांना? फुकट आहे. थोडा एफर्ट नको घ्यायला?"

"आमच्या समोरच्या दारातली आई संध्याकाळी हॉस्पिटलच्या चादरी धुते, मंदार. तुझा एफर्ट म्हणजे गाडीत हीटर लावून बसणं."

आता पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, तो माझ्या शेजारी बसत नाही. मुख्याध्यापिकेने प्रामाणिकपणे सांगितलं, की ओपन हाउस नेहमी संध्याकाळीच होतं आणि त्याचा असा विचार कुणी केला नव्हता. पुढच्या वर्षी एक सकाळीही ठेवू, म्हणाल्या. एवढंच मिळालं. इफ्रा अजून डावीकडेच आहे. मैत्रीला मी काढलेलं नाही. ती तिथे फुललीय, आणि ते बघून मला बरं वाटतं, हे लपवण्यात अर्थ नाही. शनिवारी इफ्रा आमच्याकडे जेवते. तिला वरणभात आवडतो, मैत्रीला नाही.

तिकडच्या माणसांनो, तुम्ही विचारता, परत कधी येणार, घराची आठवण येते का? येते. पण नागपुरातल्या भांडणांच्या आता मला नुसत्या बातम्या कळतात. कोण जिंकलं, कोण फुटलं, हे मी ऐकते आणि फोन ठेवते. इथलं हे एवढंसं भांडण मात्र मला झोपेत आठवतं. ज्या गावचं भांडण आपल्याला सोडवत नाही, ते आपलं घर झालेलं असतं, असं आता मला वाटतं. त्यात सुख नाही फार. पण पत्ता पक्का होतो.

आणि इकडच्या शहरांतल्या मराठी आईबापांनो, मार्कहॅमच्या, वॉनच्या, आमच्या एडमंटनच्या, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या शाळेत या वर्षी नावं घ्यायला सुरुवात होईल, तेव्हा आपल्या मुलाचं नाव देण्याआधी समोरचं एक दार वाजवा. त्या घरातल्या आईला तारीख सांगा, तिची शिफ्ट विचारा, आणि तिला जमत नसेल तर शाळेत फोन करून दुसरी वेळ मागून घ्या. मग दोन्ही नावं एकाच दिवशी द्या.