अंटार्क्टिकातली सावड

आंतरराष्ट्रीय सहकार्यावर मी आजवर देशोदेशी भाषणं ठोकली, पण सहकार्य मी शिकले ते आमच्या राहू गावात. तिथं कुणाच्या बोअरमध्ये मोटार अडकली की आळी गोळा होते. चेनपुली एकाची, दोर दुसऱ्याचा, हात सगळ्यांचे. मजुरी कुणी घेत नाही. आज तुमच्या रानात, उद्या आमच्या. हीच सावड.

अंटार्क्टिकात आम्ही ड्रिलनं बर्फाचे लांब दांडे काढत होतो. त्यात कोंडलेल्या हवेवरून जुनं हवामान कळतं. एके दिवशी ड्रिल खोल रुतून बसलं. ते निघालं नाही तर माझी कित्येक वर्षांची खटपट तिथंच गाडली जाणार होती, आणि परतीचं विमान तोंडावर आलेलं. आमच्या मोहिमेचे साहेब म्हणाले, "आधी वर विचारू." म्हटलं, विचारा तुम्ही! आणि सरळ शेजारच्या परदेशी तळावर गेले.

तिथला प्रमुख दाढीवाला, घुम्या. पण स्वतःचं काम थांबवून माणसं आणि चेनपुली घेऊन आला. दिवसभर ओढलं; ड्रिल ढिम्म हललं नाही. मी 'थँक यू' म्हणून त्यांना निरोप दिला आणि रडकुंडीला येऊन घरी फोन लावला.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सगळं ऐकून घेतलं. "जेवाय काय घातलंस त्यास्नी?"

"आप्पा, इथं माझं ड्रिल अडकलंय!"

"आगं, पर मानसं उपाशी धाडलीस व्हय? उद्या कशापायी येतील ती?"

अस्सा राग आला! फोन बंद केला आणि चडफडत बेसन शोधलं.

पातेलंभर पिठलं, भात आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन त्यांच्या तंबूत शिरले, तर दाढीवाला उद्यासाठी स्वतःची यंत्रं लावत होता. तो येणार नव्हता, हे उघडच होतं. तरी मी वाढत सुटले. चटणीनं त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी पठ्ठ्या मागून मागून जेवला.

सकाळी बघते तर अख्खा तळ माझ्या ड्रिलपाशी उभा, स्वयंपाकीसुद्धा! दुपारी ड्रिल सुटलं. त्याच्या पोटातला बर्फाचा निळसर दांडा अखंड बाहेर आला. मी लाज सोडून रडले. दाढीवाल्यानं पाठीवर थाप मारली आणि आपल्या तळावर अडून राहिलेल्या कामाकडं बोट दाखवलं.

माझं सामानसुद्धा बांधून झालं नव्हतं. पण हातमोजे चढवले, आमच्या सगळ्यांना उठवलं आणि निघाले त्याच्यामागं. सावड न फेडता विमानात बसले असते, तर आप्पांनी मला वेशीतून आत घेतलं नसतं.