पत्र्याच्या बाटल्या आणि पूर्णा नदीचा धडा

बाबांच्या दुकानात पत्र्याची कात्रणं साचतात तसेच किस्सेही साचतात. कात्रणं कोपऱ्यात ढकलली की विसरली जातात आणि एखाद्या दिवशी पायाला लागली की आठवतात. अकोल्याच्या बाजारामागच्या गल्लीत बाबांचं पत्र्याचं काम आहे. रिकामे डबे कापून ते नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या, मापं आणि चाळण्या करतात. सायकलच्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी केल्या त्या वर्षाचे किस्से लोक अजून हसत हसत सांगतात. मला तेव्हा फारसं हसू येत नव्हतं.

*

सुरुवात दिगंबरभाऊपासून झाली. तो गिरणीत कामाला जायचा आणि सुटीच्या दिवशी सायकल घेऊन कुठल्या कुठे निघायचा. एकदा त्याने इंग्रजी साप्ताहिकातलं फाडलेलं चित्र आणलं. त्यात एक गोरा शर्यतवाला होता आणि त्याच्या हँडलला तारेच्या चौकटीत चकचकीत बाटली बसवली होती. दिगंबरभाऊ म्हणाला, अशी इथे कुठे मिळत नाही आणि उन्हात पाण्याची छागळ लटकवली तर ती गुडघ्याला थपडा मारते.

बाबांनी चित्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि मग अगदी नाकाजवळ नेलं. "होऊन जाईन," म्हणाले.

पहिली बाटली त्यांनी हाताशी असलेल्या रॉकेलच्या डब्यातून केली. राखेने घासली, चिंचेने घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. दिगंबरभाऊ ती लावून बोरगावपर्यंत जाऊन आला. सायकल भिंतीला टेकवली आणि तिथेच खाली बसला.

"काकाजी," तो म्हणाला, "मी पाणी प्यालो का कंदील, मले समजून नाही राहिलं."

*

मग तुपाच्या डब्याचा पत्रा आला. त्याला वास नव्हता. बाहेरून घोंगडीचा तुकडा शिवायचं काम आईकडे होतं. तो ओला केला की पाणी दोन तास गार राहायचं. अडचण होती ती बुचांची. बाबा बाटलीचं तोंड दवाखान्याच्या औषधाच्या बाटलीइतकंच ठेवायचे, कारण बूच तेवढ्याच मापाचं मिळायचं. दिगंबरभाऊच्या सोबतीचे सगळे सायकलवाले घरोघरी औषधाच्या रिकाम्या बाटल्या मागत फिरू लागले.

दवाखान्याचे कंपाउंडर एक दिवस दुकानात भांडायलाच आले. रोगी बिनबुचाच्या बाटल्या घेऊन येतात, औषध कशात देऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. बाबांनी त्यांना बसवून चहा पाजला. तेवढ्यात एक सायकलवाला आला आणि सांगू लागला, की बुचाला औषधाचा वास आहे खरा, पण आठ दिवस झाले, त्याची जुनी पोटदुखी थांबली आहे.

कंपाउंडर उठले. जाताना म्हणाले, "त्याले विचारा, दुसरा डोस केव्हा पाहिजे."

*

हसू थांबलं ते मण्याच्या वेळी.

बाटलीचा तळ शेवटी कथील वितळवून झाळतात. बाबांनी झाळलेली एक बाटली मी पुसायला घेतली आणि ती खुळखुळली. कथलाचा एक थेंब सांध्यातून आत पडून मण्यासारखा गोठला होता. बाबांच्या हातून असं कधी होत नसे. ते म्हणायचे, की थेंब कुठे पडेल हे थेंबाच्या आधी मला कळतं. मी बाटली मागे ठेवायला निघाले, तोच दिगंबरभाऊने ती उचलून कानाशी हलवली. मला वाटलं, आता तो विचारणार.

पण त्याचा चेहरा खुलला. रस्त्यावरून नजर न हटवता बाटलीत किती पाणी उरलं आहे, ते या मण्याच्या आवाजावरून कळेल, असं त्याचं डोकं चाललं. भरलेली असली की मणी गप्प, अर्धी झाली की बोलायला लागतो. दुसऱ्या दिवशी तिघं जण मणीवाली बाटली मागायला आले.

बाबा त्यांना म्हणाले, "मण्याचं काम नाजूक राहते. येक येक करून देईन."

त्या रात्री जेवताना त्यांनी मीठ समजून साखरेचा डबा ओढला. आईने तो हळूच बाजूला सारून मिठाचा डबा पुढे केला. म्हणजे तिलाही माहीत होतं. बाबांचे डोळे जात होते. पत्र्याचं काम करणाऱ्याला दिसत नाही हे बाजाराला कळलं असतं, तर आमच्या दुकानाची पायरी कोणी चढलं नसतं.

*

बाटली गळते का, हे बघायची बाबांची रीत साधी आहे. संध्याकाळी भरलेल्या बाटल्या कोरड्या राखेच्या पट्ट्यावर ओळीने उभ्या करायच्या. सकाळी जिच्याखाली राख काळी झाली, ती गळकी. आधी बाबा उभ्या उभ्या बघायचे. आता ते वाकून राखेला बोट लावायचे, पण बोटांना कामाचे इतके घट्टे पडले होते की ओलं कोरडं त्यांना नीट कळत नसे.

म्हणून मी त्यांच्या आधी उठू लागले. एके सकाळी सातव्या बाटलीखाली राख काळी दिसली. मी ती उचलून पोत्याखाली लपवली आणि जागेवरची राख सारखी केली. बाबा आले. ओळीवरून हात फिरवत गेले आणि शेवटी थांबले.

"सातवी कुठी गेली, बाई?"

मांजरीने पाडली, असं मी सांगितलं. आमच्याकडे मांजर नव्हती.

बाबांनी सातवीच्या रिकाम्या जागी बोट टेकवलं. मग म्हणाले, "मांजरीले विचारजो, कोणत्या बाजूनं गळून राहिली होती. मी कथलाचा डाग देऊन देतो."

*

शाळेत माझा आवाज निघत नसे. गुरुजींनी वाचायला उभं केलं की मी पहिल्याच शब्दाला अडखळायची, मग पोरी हसायच्या आणि मी आणखी अडखळायची. त्या वर्षी मी आठवीत होते. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, की शाळेतून आल्यावर दुकानात माझ्याशेजारी बसून मोठ्याने वाचत जा. मी झाळतो, तू वाच. इथे ऐकणारा मी एकटाच.

मी वाचू लागले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी वाचता वाचता माझी नजर वर गेली. तापलेली सळई सांधा सोडून त्यांच्या अंगठ्याकडे चालली होती. मी गप्प झाले आणि त्याच क्षणी बाबांचा हात थांबला. त्यांनी सळई जरा मागे घेतली. ती सांध्यावर आली तेव्हा मी पुढचं वाक्य वाचलं. त्यांचा हात पुढे चालू लागला.

याबद्दल आम्ही एकमेकांशी कधीच बोललो नाही. सळई सांध्यावर असेतो मी वाचायची, भरकटली की थांबायची. पण पुस्तकात बघून सांध्यावर लक्ष ठेवता येत नाही, म्हणून मी रात्री धडे पाठ करू लागले. त्या सहामाहीला भूगोलात मी वर्गात पहिली आले. तोंडी परीक्षेत मात्र नापास.

*

समोर गणपतराव बादलीवाल्यांचं दुकान आहे. त्यांचं लक्ष कामापेक्षा आमच्याकडे जास्त. अमरावतीहून अकोल्यापर्यंत सायकल शर्यत ठरली आणि बारा बाटल्यांचं काम बाबांना मिळणार, असं कळल्यावर त्यांनी चहाच्या टपरीवर बाबांचं नाव घेऊन सांगितलं, की किसनराव आता नाकानं झाळते, डोळे राह्यले कुठी.

ते शर्यतीची व्यवस्था बघणाऱ्या वकीलसाहेबांच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वकीलसाहेब स्वतः आले. डोक्यावर टोपी, घामाने चिंब. मागून दिगंबरभाऊ होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. समोर गणपतराव हातातलं काम ठेवून ओट्यावर येऊन बसले. वकीलसाहेब रागावले नव्हते. शांतपणे म्हणाले, की चैत्राच्या उन्हात पोरं साठ मैल सायकल मारणार आहेत, वाटेत एखाद्याची बाटली रिकामी निघाली तर मी त्याच्या बापाला काय सांगू? मग खाली बसले.

"किसनराव, लोक काय म्हणतात ते मी मनावर घेत नाही. येक बाटली माह्या समोर होऊन जाऊ द्या."

बाबांनी शेगडीत फुंकर घातली. पत्रा गोल केला, ते काम त्यांच्या हातांना पाठ होतं. सळई तापायला ठेवली. मग वकीलसाहेबांकडे तोंड करून म्हणाले, "पोरगी शाळेचं वाचते माह्यापाशी बसून. चालन नं?"

वकीलसाहेबांनी मान हलवली.

मी दप्तरात हात घातला. पुस्तक उघडून मांडीवर धरलं. चार माणसं ऐकत होती आणि पहिला शब्द निघेना. बाबांच्या हातात सळई तशीच थांबलेली. ती निवली तर पुन्हा तापवावी लागणार, आणि गणपतराव ओट्यावरून खाली उतरले होते.

"पूर्णा नदी सातपुड्याच्या डोंगरात उगम पावते," मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही, पण निघाला.

सळई चालू लागली. ती वऱ्हाडच्या काळ्या मातीतून वाहते. तिला मिळणाऱ्या नद्यांपाशी मी दोनदा थांबले, उभ्या सांध्याच्या टोकाशी. मग तळ आला. तळाचा सांधा गोल फिरतो, तिथे सळई सारखी घसरते. मी एका वाक्यात तीनदा अडखळले. वकीलसाहेब म्हणाले, घाबरू नको, वाच. बाबांच्या कपाळावरचा घाम टपकला आणि सळईवर चर्र झालं. पूर्णा तापीला मिळाली तेव्हा तळ पूर्ण झाला होता.

दिगंबरभाऊने बूच ठोकून बाटली बादलीत दाबून धरली. आम्ही सगळे पाण्याकडे बघत होतो. बाबा कान देऊन बसले होते. एकही बुडबुडा आला नाही. गणपतराव वाकून वाकून बघत होते. शेवटी त्यांनी धोतर झटकलं आणि ते आपल्या दुकानात गेले.

वकीलसाहेबांनी बाटली भरून घेतली आणि अर्धी पिऊन टाकली. बारा बाटल्या शर्यतीच्या चार दिवस आधी द्या, असं बाबांना सांगितलं. फार उकडत होतं. त्यांनी माझ्या मांडीवरचं पुस्तक सहज उचललं आणि वारा घेऊ लागले. थोड्या वेळाने हात थांबला. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान बघितलं, मधलं एक बघितलं, मग बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं. बाबा त्यांच्या जरा डावीकडे बघून हसत होते.

वकीलसाहेबांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं, टोपी नीट केली आणि पायरी उतरताना मागे वळून म्हणाले, "बाई, बाकीच्या अकराले बी हेच अंकगणित वाचजो."