पुराच्या दिवशीची भांडी

पुण्याला गेले की नातेवाईक हमखास विचारतात, "तुमच्या बेळ्ळंदूरला पूर आला होता ना गं?" मग मी ट्रॅक्टरची गोष्ट सांगते. लॅपटॉपची बॅग डोक्यावर धरून, ट्रॉलीत उभं राहून ऑफिसला कसे गेलो, ते. फोटोही दाखवते. सगळे हसतात. त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट मात्र कुणालाच सांगत नाही, कारण मला तिची लाज वाटते.

त्या सकाळी तलावाचं पाणी आमच्या फाटकाशी आलं होतं. वीज गेलेली, लिफ्ट बंद. आम्ही नवव्या मजल्यावर कोरडे ठणठणीत. शेजाऱ्यांना बोलावून भजी तळत होतो. एवढ्यात आमच्या कामाच्या मावशी नऊ मजले चढून धापा टाकत दारात आल्या. बेळगावकडच्या, इमारतीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"अक्का..." त्या म्हणाल्या.

"अगदी देवासारख्या आलात!" मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. "हा भांड्यांचा ढीग बघा. बादलीत पाणी आहे, पण जपून वापरा हं."

त्यांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, मग पदर खोचला. अर्धा तास घासत होत्या. मी त्यांना चहा दिला, भजी दिली आणि स्वतःच्याच चांगुलपणावर खूश झाले.

हात पुसत त्या म्हणाल्या, "अक्का, दादांना स्वल्प खाली पाठवता काय? शिलाईचं मशीन एकटीला उचलंना. पयल्या मजल्यावर तरी आणून ठेवतो."

नवरा लगेच त्यांच्याबरोबर धावला. परतला तेव्हा छातीपर्यंत भिजला होता. खोलीत शिरताच आलं नव्हतं. त्या मशीनवर ब्लाउज शिवून मावशी मुलीला नर्सिंग शिकवत होत्या. तीन वर्षं त्या माझ्याकडे येत होत्या आणि हे मला त्या दिवशी कळलं.

"आधी नाही का सांगायचं, मावशी?" मी वर त्यांनाच बोलले.

"तुमी भांडी दावलासा न्हवं," त्या म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर वळला तेव्हा पाण्यावर त्या खोल्यांचे नुसते पत्रे दिसत होते. फोटोत ते येऊ नयेत म्हणून मी फोन थोडा तिरका धरला.