मोजणीत न आलेली अंधारी

सांगलीत विश्रामबागेकडे आमच्या घराचं काम सुरू झालं तेव्हा, म्हणजे एकोणऐंशी साली, ओव्हरसियर नकाशा घेऊन आला आणि त्यानं माझ्या भिंतीतल्या कपाटाची जागासुद्धा चौरस फुटांत धरली. पोटमाळा तेवढा सोडला, कारण त्याखाली माणूस ताठ उभा राहत नाही. आमचे हे त्याच्याशी तासभर वाद घालत बसले. कपाटात कोण राहतं का, असं त्यांचं म्हणणं. मी चहा ठेवायला निघून गेले. मी कुंडलची. आमच्याकडे एक अख्खी खोली आतल्या माणसासकट मोजायची राहून गेली होती, मला कपाटाचं काय कौतुक असणार?

ते माणूस म्हणजे माझी आत्ती, राहीबाई. माझ्या वडिलांची आणि चुलत्यांची थोरली बहीण. तिला लोणंदला दिली होती. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि आत्ती एका भाद्रपदात एसटीतून उतरून घरी आली ती आलीच. परत आलेल्या लेकीला कुठं ठेवायचं हा प्रश्न आमच्या आज्यानं फारसा विचार न करता सोडवला. माजघराच्या मागं, भिंतीला टेकून एक उतरत्या छपराचं पाखं काढलेलं होतं. सोळा हात लांब, सहा हात रुंद, खिडकी नाही. घरातलं धान्यधुन्य, गुळाच्या ढेपा, वाळवणं, वाकळा सगळं तिथं असायचं. आम्ही तिला अंधारी म्हणायचो. आत्तीनं तिथं एका कोपऱ्यात अंथरूण टाकलं आणि अठरा वर्षं ते तिथंच राहिलं.

ती फार गोड बाई होती असं मी सांगणार नाही. तिचा हात चटकन उठायचा आणि जीभ त्याच्याही आधी. पण अंधारीत ती वेगळी व्हायची. दिवा न लावता आत जायची आणि मागाल ते बाहेर आणायची. हुलगं म्हटलं की हुलगं, सांडगं म्हटलं की सांडगं. तुरीला एरंडेल कधी चोळायचं, बियाण्यात राख किती घालायची, कुठल्या मडक्यातल्या धान्याला यंदा टोका किडा लागणार, हे तिला हातानं कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात घरातल्या सगळ्यांची नजर बियाण्याच्या ज्वारीवर गेली. माझ्या आईचीसुद्धा. आत्ती उंबऱ्यात आडवी बसली आणि म्हणाली, "आधी मला उचला, मग ज्वारीला हात लावा." कुणी उचललं नाही. पुढच्या हंगामात पेरायला बी होतं ते एवढ्यामुळं.

चौऱ्याहत्तरला वडील आणि चुलते वेगळे निघायचं ठरलं. भांडण काही नव्हतं. माझी आई शालूबाई आणि काकी चंद्राबाई यांच्या दोन चुली आधीपासूनच धगधगत होत्या, आता मधे भिंत घालायची एवढंच. वडील, हंबीरराव, सैन्यातून हवालदार होऊन परतले होते. येताना त्यांनी लोखंडी टेप आणली होती आणि तिच्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. काका, लालासाहेब, ऊस बघायचे.

वाटणीला नाथाजी तात्यांना बोलावलं. गावातली निम्मी घरं त्यांनीच वाटलेली. वडिलांनी टेप पुढं केली तर तात्यांनी ती कौतुकानं बघितली आणि परत दिली.

"टेपनं कापड मोजत्यात हंबीरराव. घर खणांनी मोजायचं."

खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. तात्या कमरेवर हात ठेवून घरभर फिरले, खांब मोजले, आठ खण भरले. चार इकडं, चार तिकडं. नारळ फोडला, खोबरं वाटलं, कागदावर दोघांचे अंगठे नव्हे, चांगल्या मराठी सह्या झाल्या. मग काकी हळूच म्हणाली, "आवं तात्या, पर अंधारी कुणाच्यात?"

आता अंधारीत खांबच नव्हता. तिचं पाखं नुसतं भिंतीवर टेकलेलं. खांब नाही म्हणजे खण नाही, आणि खण नाही म्हणजे तात्यांच्या हिशेबी ती जागाच नव्हती. साठ-सत्तर घरं वाटलेल्या माणसाची ही चूक. तिथं उभ्या असलेल्या शहाण्यासुरत्या माणसांतही ती एकाच्याही ध्यानात आली नव्हती. बरं, ती निम्मी आमच्या मागं आणि निम्मी काकांच्या मागं. दार मात्र एकच.

"मला लागंल ती," काका म्हणाले.

"थोरला मी हाय," वडील म्हणाले.

झालं. आठ खण तासाभरात वाटणारी माणसं एका अडगळीच्या जागेवर तीन दिवस अडली. तात्या रोज सकाळी यायचे, सोप्यात बसायचे, चहा प्यायचे. वडील टेप लावून अंधारीचे फूट मोजायचे, काका म्हणायचे फूट काय खायचेत का. दोघं एकमेकांशी कधी इतक्या कडू शब्दांत बोलले नव्हते. मी पंधरा वर्षांची होते. मला दोघांचाही मनापासून राग आला. दोघांना ऊस जास्त झाला आहे आणि आता गूळ ठेवायला जागा पुरेना, अशी माझी समजूत.

तिसऱ्या दिवशी मी आत्तीला हाक मारायला अंधारीत गेले, तर ती कंदील लावून बसली होती. अंधारीत दिवा लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पुढ्यात सगळं काढून मांडलेलं. हुलग्याचे दोन ढीग, पापडांच्या दोन चळती, वाकळा चार आणि चार. लोणच्याची मोठी बरणी एकच होती, तर तिनं निम्मं लोणचं मडक्यात काढलं होतं.

"ह्ये काय गं आत्ती?"

"वाटणी." तिनं हात पुसला. "खोली रिकामी झाली म्हंजी भांडान मिटंल. पाचगणीला एका शाळंत पोरांच्या भाकरी कराया बाई पायजे. केरू सुताराची भैन हाय तितं. तिनं सांगावा धाडलाय."

"कवा जाणार?"

"उद्याच्या गाडीनं. माजं काय बांधायचं हाय लय?"

खरंच नव्हतं. त्या दोन ढिगांत तिचं स्वतःचं काहीच नव्हतं, दोन लुगडी आणि एक घोंगडं सोडून. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की तीन दिवस सगळे खोलीबद्दल बोलताहेत आणि खोलीत राहणाऱ्या माणसाचं काय, हे एकानंही विचारलेलं नाही. मीही नाही. मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी आरडाओरडा करते. मी तशीच सोप्यात गेले. पुरुष माणसांत बोलायची पद्धत नव्हती, तरी बोलले.

"अंधारी कुणीबी घ्या. आत्ती उद्या पाचगणीला निघालीया, भाकरी बडवायला."

काकांनी हातातली बशी खाली ठेवली. मग ते वडिलांना म्हणाले, "मग मला ती खोली काय करायची हाय?"

"तूच मागत हुतास न्हवं?"

"मला आक्का पायजे हुती. खोली माज्यात आली तर ती बी माज्यात येईल, आसं वाटलं."

वडिलांनी टेपचं टोक सोडलं, ती खर्रकन आत गेली. आणि ते म्हणाले, "मी बी त्याच्यासाठीच अडून हुतो रं."

मला त्या दोघांची माया कळली, आणि रागही गेला नाही. दाराच्या चौकटीसारखी बहीण खोलीबरोबर येईल, असं त्यांनी धरलं होतं. तिला विचारलं असतं तर तीन दिवस वाचले असते. पण विचारायची सवयच नव्हती. लोणंदला देताना तिला विचारलं नव्हतं, अंधारीत ठेवतानाही नाही.

उठले ते नाथाजी तात्या. सत्तरीचा माणूस, भिंतीला धरत माजघरातून अंधारीच्या दाराशी गेला. आम्ही सगळे मागं.

"राही, माजी चूक झाली पोरी," तात्या म्हणाले. "आता तूच सांग. तू कुणाच्यात ऱ्हाणार?"

आत्ती ढिगांमधे बसली होती. तिनं आधी काकांकडं बघितलं, मग वडिलांकडं. दोघंही मान खाली घालून उभे.

"हितंच ऱ्हाणार," ती म्हणाली.

"हितं म्हंजी कुणाच्यात?"

"कुणाच्यात न्हाई. माज्यात."

तात्यांनी कागद परत मागवला. आठ खणांच्या खाली जागा थोडीच होती, तिथं मी बारीक अक्षरात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, की मागची अंधारी राहीबाईची, तिथं दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. दोघा भावांनी पुन्हा सह्या केल्या. मधली भिंत अंधारीच्या दाराअलीकडे दोन हात थांबवायची ठरली, म्हणजे दोन्ही घरांतून तिथं जाता यावं.

दुसऱ्या दिवशी पाचगणीची गाडी गेली आणि आत्तीनं केरू सुताराला बोलावलं. धान्याच्या खोलीला कडी बाहेरूनच असते, आतून ती लावणार कोण? तर आत्तीनं आतून कडी बसवून घेतली. केरू गेल्यावर ती आत शिरली आणि तिनं ती लावली. आम्ही सगळे माजघरात होतो. बराच वेळ झाला तेव्हा आईनं दाराशी जाऊन काळजीनं विचारलं, "आक्का, काय करतायसा?"

"काय न्हाई," आतून आवाज आला. "बसलीया."