मुलगी पाहायला मैदानावर

वकिली शिकायला मी मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी कायद्यातलं काहीच विचारलं नाही. "शिट्टी जोरात वाजवता येते का?" एवढंच विचारलं. आमच्या ग्वाल्हेरच्या कोर्टात फौजदारी खटले लढवायला उभ्या राहिलेल्या त्या पहिल्याच बाई, आणि शहरातल्या मुलींच्या हॉकी संघटनेच्या अध्यक्षही त्याच. त्यामुळे दिवसा मी त्यांच्या फायली सांभाळायची आणि संध्याकाळी मैदानावर चेंडू गोळा करायची.

गेल्या हिवाळ्यात मोठा सामना चार दिवसांवर आला आणि आमची गोलकीपर यायचीच बंद झाली. मग तिचाच फोन आला. "ताई, रविवारी मुलाकडचे पाहायला येतायत. बाबा म्हणाले, मॅच-वॅच सब भूल जाओ."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी काळा कोटसुद्धा उतरवला नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसल्या आणि म्हणाल्या, "थाटीपुरला घे."

मुलीचे बाबा कोर्टातच पेशकार. वकिलांना तारखा देण्यात उभा जन्म गेलेला. दारात मॅडमना पाहून ते गडबडलेच. आतून चहा आला, बेसनाचे लाडू आले. मुलगी पडद्याआड उभी होती.

"मॅडम, हा घरचा मामला आहे," ते हळूच म्हणाले.

"म्हणून तर घरी आले. मला तारीख वाढवून हवी आहे. रविवारऐवजी सोमवार द्या."

"ते लोक भोपाळहून येतायत. सोमवारी मुलाला ऑफिस आहे."

"मग त्यांना मैदानावर बोलवा. मुलगीच पाहायची आहे ना? तिथे चांगली तासभर दिसेल."

आत मुलीची आई खळखळून हसली. "बोलवा हो! इथे मान खाली घालून पोह्यांची बशी धरणार, त्यात काय दिसणार आहे?"

पेशकारांनी एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे. "ठीक आहे. पण त्यांना फोन तुम्हीच करा."

रविवारी पाहुणे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले.

"यातली मुलगी कोणती?" मुलाच्या आईने विचारलं.

"ती, हेल्मेटवाली. सगळ्यांवर ओरडतेय ना, तीच," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या सत्रात तिने आडवी झेप घेऊन पेनल्टी अडवली. मुलाची आई उभी राहून टाळ्या पिटू लागली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. आम्ही एका गोलने हरलो, पण तिने अडवलेले फटके मोजता मोजता पेशकारांचा हिशेबच चुकला.

सामना संपल्यावर ती धुळीने माखलेली, तशीच पाहुण्यांसमोर आली.

"चेंडू लागत नाही का गं?" मुलाच्या आईने विचारलं.

"लागतो ना. पण गोल झाला की जास्त लागतं."

लग्न काही जमलं नाही. मुलाला भोपाळ सोडायचं नव्हतं आणि हिला हे मैदान. दोघांनी तिथेच पाच मिनिटांत, हसत हसत तसं सांगून टाकलं. पण जाताना मुलाच्या आईने मॅडमना बाजूला घेतलं. "माझी धाकटी चौदा वर्षांची आहे. घरात नुसती उड्या मारत असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाठवू का?"

मॅडम म्हणाल्या, "बूट घालून पाठवा."

आता पेशकारकाका प्रत्येक सामन्याला गोलमागे बसतात आणि पंचांशी वाद घालतात. मॅडमना त्यांना दर वेळी दोनदा तरी गप्प करावं लागतं.